वाफेची पेटी

माझ्या बहिणीच्या पुस्तकं बांधायच्या खोलीत एक लाकडी पेटी आहे. उभी, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढी, पुढे दार, आणि वरच्या फळीला मधोमध एक वाटोळं भोक. आत दोऱ्यांची रिळं, पुठ्ठ्यांवर चढवायच्या कापडाचे गुंडाळे आणि मेणाच्या पिवळ्या वड्या ठेवलेल्या असतात. तिथे पहिल्यांदा येणारं मूल हमखास विचारतं, "वर भोक कशाला?"

"डोकं बाहेर काढायला," मी सांगतो.

मूल आधी हसतं, मग पेटीपासून जरा लांब सरकतं, आणि मग मला गोष्ट सांगावीच लागते. आजवर ती तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो. आता सगळी एकदाच लिहून काढतो.

ही पेटी नानांची. नाना म्हणजे आमचे वडील. ते वैद्य होते. आम्ही वर राहायचो आणि खाली रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. दार ढकललं की वरची छोटी घंटा वाजायची आणि तिळाच्या तेलाचा, सुंठीचा, उकळत्या मुळ्यांचा मिळून एक वास अंगावर यायचा. भिंतभर बरण्या, त्यांवर नानांच्या तिरप्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. रोग्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेलं बाक. आणि पडद्यामागे मालिशचं लांब टेबल व ही पेटी. शेजारच्या शेगडीवर पाण्याचं झाकलेलं भांडं असे, त्यातून निघालेली नळी पेटीच्या पोटात जाई. रोग्याला तेल लावायचं, पेटीत स्टुलावर बसवायचं, दार लावायचं. बाहेर राहायचं फक्त डोकं.

मी आणि माझी धाकटी बहीण पडद्याच्या फटीतून ती डोकी बघायचो. पोस्टमनचं डोकं, बेकरीवाल्याचं डोकं. एकदा तर आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचं, बीटासारखं लाल झालेलं. त्यानंतर मला शाळेची भीती अशी कधी वाटलीच नाही.

नाना त्या डोक्यांशी जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा मारायचे आणि मधूनमधून विचारायचे, "कसं वाटतंय?"

"छान!" डोकं म्हणायचं. प्रत्येक डोकं हेच म्हणायचं.

बहिणीला सगळे सुई म्हणत. अंगाने बारीक, आणि बोलणं टोचणारं. पुढे तिने काम निवडलं तेही सुईचंच. ती पुस्तकं बांधू लागली. गल्लीच्या पलीकडे जाड भिंतींची, उन्हाळ्यातही गार राहणारी एक खोली तिने घेतली. जुनी, पानं सुटलेली पुस्तकं तिच्याकडे यायची. ती त्यांचे जुने टाके उसवायची, पानं सारखी करायची, घड्यांना टोच्याने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक घडी मागच्या घडीला जोडत जायची. दोरा मेणाच्या वडीवरून ओढताना बारीक आवाज व्हायचा. तो आवाज आला की समजायचं, सुई खुशीत आहे. तिचा नवरा जहाजावर इंजिनिअर होता, त्यामुळे वर्षातला बराच काळ ती आणि तिची मुलगी आमच्याकडेच असत. मुलीला आम्ही ठिणगी म्हणायचो. तिला प्रश्न पडायला वेळ लागत नसे आणि उत्तराने तिचं समाधान होत नसे. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पण माझी खरी परीक्षा घेतली ती या पोरीने.

दुखणं सुरू झालं ते डोळ्यापासून. एक दिवस सुई म्हणाली, "दादा, मला सगळं धुकट दिसतंय. एकाच बाजूचं."

"चष्मा पूस," मी पेपरातून मान वर न करता म्हणालो.

"चष्मा तुला आहे. मला नाही."

ते धुकं काही दिवसांनी आपोआप विरलं आणि आम्ही विसरलो. मग तिचा पाय झोपला. बसून बसून पाय झोपतो तसा, पण तो जागाच होईना. मग बोटांतून टोच्या निसटायला लागला. मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्याचे नि पाठीचे फोटो काढले, पाठीतलं पाणी तपासलं आणि आम्हाला समोर बसवून नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस.

"म्हणजे?" नानांनी विचारलं.

"मज्जातंतूंवर एक आवरण असतं. शरीराची स्वतःची पहारेकरी यंत्रणाच त्या आवरणाला शत्रू समजून कुरतडते. मेंदूत, पाठीच्या कण्यात, अनेक ठिकाणी तसे चट्टे पडतात. जिथे चट्टा, तिथला निरोप अडखळतो. कधी डोळ्याचा, कधी पायाचा, कधी हाताचा."

"औषध?"

"इंजेक्शन आहे. घरी स्वतःच टोचून घ्यायचं. त्याने आजार मुळातून जात नाही, पण पुढचे झटके कमी येतात, नवे चट्टे कमी पडतात. तेच महत्त्वाचं आहे."

"मुळातून जात नाही," नाना एवढंच म्हणाले. बाकीचं त्यांनी ऐकलं की नाही, मला शंका आहे.

घरी आल्यावर त्यांनी आपले ग्रंथ काढले. टेबलावर, खाटेवर, खिडकीत, सगळीकडे उघडे ग्रंथ. शेवटी ते म्हणाले, "या नावाचा रोग आपल्याकडे नाही. पण लक्षणं ओळखीची आहेत. वात बिघडलाय आणि मज्जेपर्यंत पोचलाय. वाताला काय हवं? तेल आणि ऊब. मी करतो."

आई गेल्यापासून नाना दवाखाना चालवायचे ते सवयीने. शीळ घालणं तर बंदच झालं होतं. सुईचे उपचार सुरू झाले आणि तेल गरम करता करता ते पुन्हा शीळ घालू लागले. मी वर दाढी करताना ती शीळ ऐकली आणि साबण लावलेल्या तोंडाने तसाच जिन्यात येऊन उभा राहिलो.

रोज सकाळी तेल, मग वाफ, मग काढा. तेलानंतर वाफ हा नानांचा न मोडणारा नियम. "तेल चोळून तसंच सोडायचं म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत आणून दार लावून घ्यायचं," ते म्हणायचे. आणि उपचाराचा गुण बघायला त्यांनी एक युक्ती काढली. वाफेनंतर थोडं पडून झालं की सुईने पडद्यामागेच कापडाच्या पट्टीवर टाक्यांची एक ओळ घालायची. हात सुधारतोय की नाही, ते पट्टी सांगेल. नाना त्या पट्ट्या खिळ्याला एकावर एक अडकवत.

टाके सुंदर होते. सरळ, सारखे, जणू छापलेले.

"बघ!" नाना मला पट्टी दाखवायचे. "काय म्हणतो तुझा डोळा?"

"माझ्या डोळ्याला चष्मा आहे नाना, पण टाके सरळ दिसतायत."

हळूहळू त्यांच्या मनात दुसरंच काही घाटू लागलं. एक दिवस ते सुईला म्हणाले, "हात इतका सुधारलाय, मग ती इंजेक्शनं कशाला? टोचलं की दोन दिवस तापासारखं होतं तुला. हे खोकं संपलं की पुढचं आणायचं नाही. डॉक्टरीणबाईंना मी सांगेन."

जिची जीभ कधी गप्प बसत नाही ती सुई गप्प बसली, हे मला खटकलं. वाटलं, वडिलांपुढे कोण बोलणार. पण डॉक्टरीणबाईंचं 'तेच महत्त्वाचं' मला आठवत होतं. मी नानांशी दोनदा बोलून बघितलं. त्यांनी दोन्ही वेळा खिळ्याकडे बोट दाखवलं. त्या सरळ टाक्यांपुढे माझं काय चालणार?

मग एक सुट्टीची सकाळ आली. सुई पेटीतून निघून, त्या दिवसाची पट्टी देऊन पुन्हा पडद्यामागे खाटेवर पडली होती. नाना काढा गाळत होते. मी बाकावर बसलो होतो आणि ठिणगी माझ्यासमोर जमिनीवर, फुगून.

"वर्गात एक मुलगी म्हणाली, तुझी आई खुर्चीत बसणार आणि कधी उठणार नाही."

"तिला कुणी सांगितलं?"

"तिच्या आत्याला असंच झालं होतं. मामा, आईला नक्की झालंय काय? लहान मुलांचं नको. खरं सांग."

शिक्षकाला असं कुणी म्हटलं की पळवाट राहत नाही. मी बाकाखालच्या सुईच्या शिवणाच्या टोपलीतून कापडाचा तुकडा आणि मेण लावलेला, ओवलेला दोरा काढला.

"हा दोरा कापडातून ओढ."

तिने ओढला. सरकन गेला.

"आता नखाने थोड्या जागेवरचं मेण खरवड. तिथले तंतू जरा पिंजार. हं, ओढ आता."

दोरा अर्ध्यात अडकला.

"दोरा तुटलाय का?"

"नाही. पण अडकतोय."

"तसंच आहे. मेंदूपासून पायापर्यंत, हातापर्यंत, असे बारीक दोरे असतात. त्यांच्यावरचं मेणासारखं आवरण आईच्या काही दोऱ्यांवरून मधेमधे खरवडलं गेलंय. म्हणून तिचा पाय कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. कुणाचं जास्त खरवडतं, कुणाचं कमी. त्या आत्याचं झालं तसंच आईचं होईल असं कुणीच सांगू शकत नाही. आणि इंजेक्शन आहे ते खरवडणाऱ्याचा हात धरायला."

ठिणगी विचारात पडली. मग तिने दोरा उचलला, काढ्याच्या शेगडीजवळ जाऊन भांड्याच्या गरम झाकणावर ठेवला आणि वाकून बघत राहिली. मी तिला अडवलं नाही. मूल स्वतःहून काही करून बघत असलं की मोठ्यांनी हात मागे बांधून उभं राहावं.

"मामा, मेण मऊ झालं."

"होणारच."

"मग आई वाफेच्या पेटीत बसते तेव्हा?"

"नाही गं. ते खरंखुरं मेण नसतं. मी नुसतं समजायला सांगितलं. ते असं वितळत नाही."

"मग पेटीतून बाहेर आल्यावर आईला माझी वेणी का घालता येत नाही?"

काढा गाळणारा हात थांबला.

"कधी येत नाही?" नानांनी विचारलं.

"कधीच नाही. आधी येते. नंतर बोटं चुकतात. ती म्हणते, मामाला सांग. आणि मामा वेणी नाही घालत, गाठ मारतो."

एरवी मी हसलो असतो. नानांनी गाळणं खाली ठेवलं, खिळ्यावरची सर्वात वरची पट्टी काढली आणि पडदा सारून आत गेले. मी मागोमाग.

"सुई, ही आजची पट्टी. कधी शिवलीस?"

"आत्ता. मघाशी."

नानांनी तिच्या हातात सुई आणि दोरा दिला. "ओव बरं."

तिने सुई उजेडाकडे धरली. मग हात मांडीवर ठेवला. प्रयत्नसुद्धा केला नाही.

"दिसत नाहीये नाना. उजवा डोळा गेलेला असतो. पायही. सावकाश येतं परत."

"रोज?"

"रोज."

"आणि ह्या पट्ट्या?"

"सकाळी उठल्या उठल्या शिवते. माझ्या खोलीत, गारव्यात. मग खिशातून आणते."

नानांचा चेहरा मी इतका लाल कधी पाहिला नव्हता, आणि ते काही पेटीत बसले नव्हते. "रोग्याने वैद्याशी खोटं बोलायचं? अगं, नाडीवर बोट ठेवून मी—"

"मी रोगी नाही. तुमची मुलगी आहे."

"तिथेच तर घोळ झाला!"

"नाना, तुम्ही शीळ घालत होता," सुई म्हणाली. "इतक्या वर्षांनी. ती मी बंद करू?"

नाना पेटीसमोरच्या स्टुलावर बसले. रोग्यांच्या स्टुलावर ते बसलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. बराच वेळ त्यांनी पट्टी बोटांमधून फिरवली.

"ह्या टाक्यांच्या जिवावर मी तुझं इंजेक्शन बंद करायला निघालो होतो," ते शेवटी म्हणाले. "तू गप्प बसली असतीस?"

"रोज ठरवत होते सांगायचं. आणि रोज वाजायची ती शीळ."

पेटीची शेगडी नानांनी स्वतः उठून विझवली.

दुसऱ्याच दिवशी ते सुईला घेऊन इस्पितळात निघाले. मीही गेलो. नानांनी कोट घातला होता. एका पिशवीत काढ्याच्या मुळ्या, चूर्णं, तेलाची बाटली, सगळं थोडंथोडं. दुसरीत पट्ट्या.

"डॉक्टरीणबाई, मला शिकायचंय," ते खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले.

बाई गोंधळल्या. माझ्याकडे बघू लागल्या. मी खांदे उडवले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवरण गेलेल्या तंतूमधून निरोप कसाबसा जातो. शरीर तापलं की तो तिथेच थांबतो. शरीर निवलं की पुन्हा चालू लागतो. उन्हाने, तापाने, गरम पाण्याने, वाफेने, कशानेही होतं. "त्याने नवा चट्टा पडत नाही, काळजी नको. पण त्या अवस्थेत ती जिन्यात पडली असती तर?"

"म्हणजे वाफ बंद."

"हिच्यासाठी, हो."

"आणि तेल?"

"तेल चोळा की. पाय ताठतात त्याला मालिश चांगलंच. मला जमत नाही ते तुम्हाला जमतं. मात्र गरम नको."

नाना एकेक पुडी टेबलावर मांडत गेले. बाई प्रत्येकीचं नाव विचारत होत्या. गुळवेल आली तशा त्या थांबल्या. "ही कशासाठी देता?"

"ताकद. शरीराची झुंजायची ताकद वाढते."

"हिचं शरीर आधीच झुंजतंय. स्वतःशीच. आणि इंजेक्शनामुळे यकृतावर मला लक्ष ठेवावं लागतं, त्यात ही भर नको. अश्वगंधाही नको."

नानांच्या कपाळावर आठी पडली. गुळवेलीबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. ते काहीतरी कडक बोलणार असं मला वाटलं. पण त्यांनी दोन्ही पुड्या उचलल्या आणि कोटाच्या खिशात टाकल्या.

निघताना त्यांनी पट्ट्यांची पिशवी टेबलावर ठेवली. "ह्या खोट्या आहेत. पण ह्यापुढच्या खऱ्या येतील. बघाल?"

"बघेन," बाई म्हणाल्या. "आणि इंजेक्शन?"

"चालू," नाना म्हणाले. "मी स्वतः आठवण करीन."

सुई तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. तिने डोळे पुसले ते मला दिसलं. या खेपेला मी चष्म्याचं काही बोललो नाही.

त्यानंतर आमच्या सकाळी बदलल्या. नाना गार तेल घेऊन गल्ली ओलांडत, सुईच्या त्या थंड खोलीत जात आणि तिचे पाय चोळत. मग इस्पितळात शिकवलेले व्यायाम. नाना मोजायचे आणि मुद्दाम चुकायचे, म्हणजे सुई चिडून स्वतः मोजायला लागे. साधं जेवण, दुपारची झोप, भर उन्हात बाहेर पडायचं नाही, ओला रुमाल मानेवर. काढे गेले. राहिलं ते थोडंच, आणि तेही बाईंना विचारून. सुईला ते आवडायचं. मला एकदा म्हणाली, "दादा, इंजेक्शन मला पुढच्या वर्षासाठी आहे. नाना आजच्या दिवसासाठी आहेत."

पट्ट्याही चालू राहिल्या. आता त्या नानांसमोर शिवल्या जायच्या. काही सरळ, काही वाकड्या. वाकड्याही नाना खिळ्याला तितक्याच नीट अडकवायचे. सुई बरी झाली असं मी सांगणार नाही. मुलांनाही मी तसं सांगत नाही. एका हिवाळ्यात, बाहेर कडाक्याची थंडी असताना, पट्ट्या ओळीने वाकड्या येऊ लागल्या. ऊन नाही, ताप नाही. नानांनी वाट बघितली नाही. त्यांनी पट्ट्या उचलल्या आणि सुईला थेट बाईंकडे नेलं. "हे गरमीचं नाही. हा नवा झटका आहे," त्यांनीच सांगितलं. तो नवाच झटका होता. बाईंनी सलाईनमधून औषध दिलं, आणि पुढे इंजेक्शनही बदललं. हात परत आला. पाय पुरता आला नाही. तेव्हापासून तिच्या हातात काठी आहे.

त्या झटक्यानंतर नानांनी पेटीची नळी काढून टाकली. बाकीच्या रोग्यांना वाफ चालली असती, पण त्यांचं मन उडालं होतं. दोघा हमालांकडून पेटी गल्लीपलीकडे नेली आणि सुईला म्हणाले, "हिने तुला छळलंय. आता हिला तू कामाला लाव." तिने आत फळ्या बसवून घेतल्या.

पण फळ्या बसेपर्यंत काही दिवस ती रिकामी होती, आणि त्या दिवसांतली एक दुपार मला फार आठवते. ठिणगी आणि तिच्या वर्गातल्या मुली आळीपाळीने आत शिरत होत्या आणि भोकातून डोकं काढत होत्या. आत्याची गोष्ट सांगणारी मुलगीही होती. नाना स्टुलावर बसून प्रत्येक डोक्याला गंभीरपणे विचारत होते, "कसं वाटतंय? खरं सांगायचं. छान म्हणालं की दार उघडणार नाही."

"अंधार आहे!" एक डोकं म्हणालं.

"तेलाचा वास येतोय!" दुसरं म्हणालं.

"आजोबा, पाय दुखतायत, मी चवड्यावर उभी आहे," ठिणगी म्हणाली, आणि नानांनी तिला लगेच बाहेर काढलं.

नाना आता नाहीत. दवाखान्याची घंटा मी आमच्या दाराला लावली आहे. सुईचे केस पांढरे झालेत. जाडजूड पुस्तकं आता ठिणगी बांधते, लहान पुस्तकं सुई. सुईची खोली तशीच गार आहे. मी रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन जातो. मालिश मला नानांसारखं जमत नाही. "दादा, पाय आहे तो, फळा पुसतोयस का?" असं ती म्हणते. पण त्याआधी मी दारातच उभा राहून विचारतो, कसं वाटतंय.

छान, असं ती म्हणत नाही. ती आधी मेणाच्या वडीवरून दोरा ओढते, पट्टीवर एक ओळ घालते, उजेडाकडे धरून बघते, आणि मग सांगते.

"पाय शिशाचा झालाय आज. हात मात्र माझेच आहेत."

मग ती ओल्या रुमालाची घडी मानेवर ठेवते आणि कामाला लागते. मी तेल चोळता चोळता शीळ घालतो. नानांची चाल मला पूर्ण येत नाही. जिथे अडते, तिथून पुढे ती घालते.